वीस वर्षांची अट : चरखा-स्पर्धेचे निकष आणि स्मार्टफोनची वार्षिक मॉडेले – एक चिकित्सा

प्रस्तावना

स्मार्टफोन बनवणाऱ्या कंपन्यांनी नवे मॉडेल किती काळाने बाजारात आणावे, हा प्रश्न वरवर पाहता व्यापारी स्वरूपाचा वाटतो. त्याची चर्चाही बहुधा महानगरांतील ग्राहक, कंपनीचा नफा आणि तंत्रज्ञानातील नावीन्य या तीन मुद्द्यांभोवतीच फिरते. परंतु ज्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला पिकाची नोंद मोबाईलवर करावी लागते, ज्या जिल्ह्यातील अंगणवाडी सेविकेचे दैनंदिन काम मोबाईलवर अवलंबून आहे आणि ज्या जिल्ह्यात फोन बिघडल्यास सुटा भाग नागपूरहून मागवावा लागतो, त्या जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न उपजीविकेचा आणि नागरी हक्काचा ठरतो. वर्धा हा असा जिल्हा आहे.

वर्ध्याच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक परिमाण आहे. सामान्य माणसाच्या हाती द्यावयाचे यंत्र कसे असावे, ते किती काळ टिकावे, त्याची दुरुस्ती कोणी करावी आणि त्याच्या सुधारणेचा वेग काय असावा, यांविषयी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात जो गंभीर विचार झाला, त्याचे एक प्रमुख केंद्र वर्धा हे होते. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे कार्य सुरू झाले. ३० डिसेंबर १९३८ रोजी तेथेच मगन संग्रहालयाचे उद्घाटन महात्मा गांधींच्या हस्ते झाले. या संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा यांनी यंत्र आणि टिकाऊपणा यांविषयी स्वतंत्र अर्थविचार मांडला.

प्रस्तुत लेखात या विचारपरंपरेतील दोन गोष्टी कसोटी म्हणून घेतल्या आहेत : १९२९ मधील चरखा-स्पर्धेच्या अटी आणि कुमारप्पांचा ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हा ग्रंथ. या कसोट्यांवर स्मार्टफोनच्या वार्षिक मॉडेलांची प्रथा तपासणे आणि त्याच वेळी या कसोट्यांच्या मर्यादाही तपासणे, असा दुहेरी हेतू येथे आहे. गांधीविचाराचा गौरव करून आधुनिक तंत्रज्ञानाला दोष देणे हा मार्ग सोपा असला तरी त्यातून मूळ प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

१९२९ च्या अटींचे वाचन

अखिल भारत चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळाच्या मानाने ही रक्कम प्रचंड होती. गांधी हे यंत्रमात्राचे विरोधक होते, या लोकप्रिय समजाला ही एकच घटना छेद देण्यास पुरेशी आहे. नव्या मॉडेलसाठी एक लाख रुपये मोजण्यास तयार असलेली संस्था नावीन्याची विरोधक असू शकत नाही. मात्र तिला अभिप्रेत असलेले नावीन्य काही अटींनी बांधलेले होते आणि खरे महत्त्व त्या अटींनाच आहे.

चरखा हलका असावा, सहज हलवता यावा आणि खेड्यातील साध्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यावा, ही पहिली अट होती. एका स्त्रीला फारसे श्रम न पडता सलग आठ तास त्यावर काम करता यावे, ही दुसरी. आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे, ही तिसरी. त्याची किंमत १५० रुपयांपेक्षा अधिक असू नये. वेळच्या वेळी देखभाल केल्यास तो न थांबता किमान २० वर्षे चालावा. झिजलेले भाग बदलण्याचा वार्षिक खर्च यंत्राच्या किमतीच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावा. शिवाय बक्षीस मिळवणाऱ्या संशोधकाने आपले एकस्वाचे हक्क संघाकडे सुपूर्द करावेत, अशीही तरतूद होती.

या अटींमागील हिशेब लक्षात घेण्यासारखा आहे. १५० रुपयांच्या यंत्रावर वर्षाला ५ टक्के म्हणजे साडेसात रुपये, आणि २० वर्षांत १५० रुपये. म्हणजे यंत्राच्या संपूर्ण आयुष्यातील दुरुस्तीचा कमाल खर्च त्याच्या मूळ किमतीइतका धरला होता. खरेदी आणि दुरुस्ती मिळून ३०० रुपये, म्हणजे वर्षाला १५ रुपये. यंत्राची खरी किंमत त्याच्यावर छापलेल्या आकड्यात नसून त्याच्या आयुष्याने भागलेल्या एकूण खर्चात असते, हे तत्त्व या अटींत गृहीत आहे. तसेच दुरुस्ती ही यंत्राच्या रचनेचाच भाग मानलेली दिसते. विक्रीनंतरची ती एखादी सवलत नव्हे.

येथे दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. हे बक्षीस कोणालाच मिळाले नाही. किर्लोस्करांच्या कारखान्यातही या स्पर्धेसाठी यंत्र तयार झाले होते. परंतु तेही सर्व अटींना उतरले नाही. उत्पादनक्षमता, स्वस्ताई, सुलभता आणि टिकाऊपणा या चारही गोष्टी एकाच वेळी कमाल मर्यादेपर्यंत मागितल्या की हाती काहीच न येण्याचा धोका असतो. आजच्या यंत्रांसाठी निकष ठरवतानाही हा धडा विसरता येत नाही.

चरख्याच्या आवृत्त्या

बक्षीस दिले गेले नसले तरी चरख्याची सुधारणा थांबली नाही. १९३० नंतरच्या कारावासात येरवडा येथे गांधींनी पेटीत मावणाऱ्या चरख्यावर परिश्रम घेतले आणि तो ‘येरवडा चक्र’ म्हणून ओळखला जाऊ लागला. मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद या पोलिश अभियंत्याने धनुष तकली घडवली. स्वातंत्र्यानंतर तमिळनाडूतील एकंबरनाथन यांच्या प्रयत्नांतून अंबर चरखा आला. मगनवाडीतील महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेने पुढे सौर ऊर्जेवरील चरख्यावर काम केले. थोडक्यात, चरख्याचीही ‘मॉडेले’ निघाली.

तथापि या मॉडेलांच्या क्रमात आणि स्मार्टफोनच्या मॉडेलांच्या क्रमात एक मूलभूत भेद आहे. नवा चरखा आला म्हणून जुना निरुपयोगी ठरला नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमची योजना पुढे आली, तेव्हा सूतकताईच्या साधनांतील अत्यंत प्राथमिक अशी तकली शाळकरी मुलांच्या हाती शिक्षणाचे साधन म्हणून आली. जुन्या साधनाला नवे कार्य मिळाले. नवे मॉडेल जुन्याच्या शेजारी उभे राहिले, त्याच्या छातीवर नव्हे.

याच इतिहासात अंबर चरख्याचा अनुभव सावधगिरीचा इशारा देणारा आहे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात त्याचा मोठ्या प्रमाणावर प्रसार झाला. यंत्र अधिक उत्पादक होते. परंतु त्याची रचना अधिक गुंतागुंतीची होती आणि त्याला नियमित, कुशल देखभाल लागत असे. वाटप झालेल्या चरख्यांपैकी अनेक चरखे पुढे बंद पडून राहिले, ही टीका खादीविषयीच्या चर्चेत वारंवार झालेली आहे. यंत्राचा प्रसार दुरुस्तीच्या व्यवस्थेपेक्षा वेगाने झाला तर सुधारित यंत्रही अडगळ बनते. म्हणजेच हा दोष केवळ भांडवली कंपन्यांचा नाही. सद्हेतूने चालवलेल्या चळवळीतही तो शिरू शकतो.

कुमारप्पांची कसोटी

कुमारप्पा यांचा ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हा ग्रंथ १९४५ चा. त्याचे लेखन कारावासात झाले. लंडनमध्ये हिशेबनीस म्हणून प्रशिक्षित आणि कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या या लेखकाने निसर्गातील साधनांचे दोन गट कल्पिले. कोळसा, खनिज तेल, लोखंड, तांबे यांसारखी ठरावीक साठ्यात असलेली साधने ही क्षणिक. आणि नदीचा प्रवाह, वाढते अरण्य यांसारखी सतत भरून येणारी साधने ही शाश्वत. जी अर्थव्यवस्था पहिल्या गटावर उभी राहते ती संघर्षाकडे जाते आणि जी दुसऱ्या गटावर उभी राहते ती शांततेकडे जाते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. मानवी व्यवहारांचे परोपजीवी, लुटारू, उद्यमी, समूहनिष्ठ आणि सेवाप्रधान असे पाच प्रकारही त्यांनी मांडले.

ही कसोटी स्मार्टफोनला शब्दशः लावल्यास चर्चा तेथेच संपते. स्मार्टफोनमध्ये तांबे, सोने, कोबाल्ट, लिथियम आणि दुर्मीळ मूलद्रव्ये असतात. ही सर्व साठ्यातील साधने आहेत. त्यामुळे वर्षाला एक मॉडेल आले काय आणि दहा वर्षांनी एक आले काय, दोन्ही ‘क्षणिक’च ठरतात. कुमारप्पांच्या विभाजनाची ही मर्यादा मान्य करावी लागते. त्यांचे द्वंद्व ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते. ‘किती’ हे सांगत नाही. साठ्यातील धातूही पुन्हापुन्हा वापरला, तर त्याला प्रवाहाचे काही गुण प्राप्त होतात, ही शक्यता त्या विभाजनात पुरेशी सामावत नाही.

तरीही या कसोटीचे सामर्थ्य वेगळ्या ठिकाणी आहे. साठा जितक्या सावकाश उपसला जाईल तितकी अर्थव्यवस्था टिकाऊपणाच्या जवळ जाईल, असे तिचे प्रमाणाच्या अंगाने वाचन केले तर ती आजही उपयुक्त ठरते. स्मार्टफोनच्या संपूर्ण आयुष्यातील कार्बन उत्सर्जनाचा बहुतांश भाग वापरात नव्हे, तर निर्मितीच्या टप्प्यातच घडतो. म्हणून फोन दोन वर्षांऐवजी चार वर्षे वापरला तर पर्यावरणावरील वार्षिक भार जवळजवळ निम्मा होतो. संयुक्त राष्ट्रांच्या सहभागातून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अहवालानुसार २०२२ या वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे संकलन व पुनर्चक्रण अधिकृतपणे नोंदले गेले. अर्थात या कचऱ्यात फ्रीजपासून सौर पटलांपर्यंत सर्व वस्तू येतात. परंतु उपसा आणि परतावा यांतील दरी त्यातून स्पष्ट होते.

वार्षिक मॉडेलची परंपरा

दरवर्षी नवे मॉडेल काढण्याची प्रथा स्मार्टफोनने निर्माण केलेली नाही. फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ ही मोटार १९०८ ते १९२७ या काळात मूलतः एकाच रचनेत दीड कोटींहून अधिक संख्येने तयार झाली. तिच्याशी स्पर्धा करताना आल्फ्रेड स्लोन यांच्या नेतृत्वाखाली जनरल मोटर्सने १९२० च्या दशकात दरवर्षी मॉडेलचे रूप बदलण्याचे धोरण रूढ केले. चालू स्थितीतील वस्तूही मालकाला जुनी वाटावी, हा त्यामागील हेतू होता. १९३२ मध्ये बर्नार्ड लंडन या अमेरिकी लेखकाने मंदीवरचा उपाय म्हणून वस्तूंचे आयुष्य नियोजनपूर्वक संपवण्याची कल्पनाच एका पुस्तिकेतून मांडली. १९६० मध्ये व्हान्स पॅकार्ड यांनी ‘द वेस्ट मेकर्स’ या ग्रंथात या प्रवृत्तीवर टीका केली.

स्मार्टफोनने हीच परंपरा अधिक गतिमान केली. २००७ मध्ये पहिला आयफोन आला आणि २०१२ पर्यंत वर्षाला एकच नवा आयफोन येत असे; २०१३ मध्ये दोन आले आणि २०२० च्या शरद ऋतूत एकाच मालिकेतील चार. मध्यम किमतीच्या फोनमध्ये हा वेग त्याहून अधिक होता. भारतात अत्यंत लोकप्रिय झालेल्या ‘रेडमी नोट’ या मालिकेची पाचवी आवृत्ती फेब्रुवारी २०१८ मध्ये आणि नववी मार्च २०२० मध्ये भारतीय बाजारात आली. साधारण २५ महिन्यांत पाच पिढ्या. याउलट २००३ मध्ये आलेला ‘नोकिया ११००’ हा टॉर्चचा साधा फोन जगभर २५ कोटींहून अधिक संख्येने विकला गेला. ग्रामीण भारतात तो वर्षानुवर्षे चालला.

या वेगाची तुलना तंत्रज्ञानाच्या स्वाभाविक गतीशी करून पाहणे उद्बोधक ठरते. भारतात मोबाईल सेवेचा प्रारंभ १९९५ मध्ये झाला. तिसऱ्या पिढीची सेवा २००८ मध्ये, चौथ्या पिढीची २०१२ मध्ये आणि पाचव्या पिढीची ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. म्हणजे ज्या जाळ्यावर फोन चालतो त्या जाळ्याची पिढी चार ते तेरा वर्षांच्या अंतराने बदलली. फोनला खरोखर नवा करणारा बदल इतक्या अंतराने येत असेल, तर मधल्या काळातील वार्षिक मॉडेले मुख्यतः कॅमेऱ्याच्या संख्येत, रंगात आणि नावापुढील आकड्यात भर घालतात, असे म्हणण्यास आधार मिळतो. याच आकडेवारीतून २० वर्षांची अट फोनला लागू करता येणार नाही, हेही सिद्ध होते. जाळ्याच्या पिढ्या पाहता सात ते दहा वर्षे ही फोनच्या आयुष्याची वाजवी अपेक्षा ठरते.

नव्या मॉडेलांच्या बाजूने

वार्षिक मॉडेलांच्या समर्थनार्थ दोन युक्तिवाद गंभीरपणे विचारात घेण्यासारखे आहेत.

पहिला युक्तिवाद असा की, मॉडेल दरवर्षी आले तरी ग्राहक दरवर्षी फोन घेत नाही. सर्व ग्राहक एकाच वर्षी खरेदी करत नसल्याने, जो ज्या वर्षी खरेदी करील त्याला त्या वर्षीचे तंत्रज्ञान मिळावे, यात गैर काही नाही. शिवाय नवे मॉडेल आले की मागील वर्षाचे स्वस्त होते आणि त्याचा लाभ कमी उत्पन्न असलेल्या ग्राहकाला मिळतो.

दुसरा युक्तिवाद इतिहासातून येतो आणि त्याचा धागा वर्ध्याच्या बजाज कुटुंबाशीच जोडलेला आहे. ज्या घराण्याने ग्रामोद्योग संघाला मगनवाडी दिली, त्याच घराण्याच्या कंपनीने १९७२ मध्ये चेतक ही स्कूटर बाजारात आणली. परवाना पद्धतीच्या काळात तिचे रूप दशकानुदशके फारसे बदलले नाही. ती कोणत्याही गावातील मिस्त्रीला दुरुस्त करता येत असे, हा तिचा गुण होता. परंतु ती मिळवण्यासाठी ग्राहकाला वर्षानुवर्षे प्रतीक्षा यादीत थांबावे लागे, हाही त्याच व्यवस्थेचा भाग होता. १९९१ नंतर स्पर्धा वाढली, मोटरसायकलींनी बाजार व्यापला आणि २००९ मध्ये कंपनीने स्कूटर उत्पादनातून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. चेतक हे नाव परतले ते २०१९ मध्ये, विजेवर चालणाऱ्या वाहनाच्या रूपात. मॉडेल न बदलणे हा स्वतःहून सद्गुण नसतो. कधी तो टिकाऊपणाचा पुरावा असतो, तर कधी मक्तेदारीचा.

हे दोन्ही युक्तिवाद मान्य केले, तर ‘वर्षाला एक मॉडेल म्हणजे पाप आणि तीन वर्षांनी एक म्हणजे पुण्य’ ही मांडणी टिकत नाही. दोषाचे नेमके स्थान अन्यत्र शोधावे लागते.

दुरुस्तीचे दुकान

ते स्थान दुरुस्तीच्या दुकानात सापडते. वर्धा, हिंगणघाट, आर्वी किंवा पुलगावच्या बाजारपेठेतील मोबाईल दुरुस्तीचे दुकान हे तीन-चार प्रकारच्या कामांवर चालते : फुटलेला डिस्प्ले, म्हणजे दुकानाच्या भाषेत ‘फोल्डर’ बदलणे, दमलेली बॅटरी बदलणे, चार्जिंगचा जॅक बदलणे आणि सॉफ्टवेअर पुन्हा भरणे. यांपैकी पहिली तीन कामे सुट्या भागांवर अवलंबून असतात. प्रत्येक मॉडेलचा डिस्प्ले, बॅटरी आणि जॅक जोडलेली पट्टी वेगळी असेल, तर छोट्या दुकानदाराला इतक्या प्रकारांचा साठा ठेवणे अशक्य होते. जो भाग महिन्यातून एकदाही लागणार नाही, त्यात तो भांडवल गुंतवू शकत नाही. मग भाग नागपूरच्या बाजारातून मागवला जातो, किंवा मूळ भागाऐवजी हलक्या प्रतीचा भाग बसवला जातो, किंवा ‘आता हे मॉडेल बंद झाले’ असे सांगून ग्राहकाला परत पाठवले जाते.

येथे पहिल्या युक्तिवादाचे उत्तर मिळते. ग्राहक दरवर्षी फोन घेत नाही, हे खरे. परंतु ज्या वर्षी तो फोन घेतो त्या वर्षीच्या मॉडेलचे भाग पुढील मॉडेलांच्या गर्दीत लवकर दुर्मीळ होतात. जो ग्राहक नवे मॉडेल घेत नाही, त्यालाही नव्या मॉडेलांची किंमत अशा रीतीने मोजावी लागते. १५,००० रुपयांच्या फोनला १९२९ ची ५ टक्क्यांची अट लावली, तर दुरुस्तीवर वर्षाला ७५० रुपये खर्च व्हावेत. प्रत्यक्षात डिस्प्लेच्या एका बदलीतच अनेक वर्षांची ही तरतूद संपून जाते.

सॉफ्टवेअरचेही असेच आहे. फोनचा प्रोसेसर बनवणारी कंपनी जोवर त्या चिपसाठी आवश्यक आज्ञावली पुरवते, तोवरच फोनला नवी प्रणाली देणे सोपे जाते. मॉडेले जितकी अधिक, तितकी प्रत्येक मॉडेलसाठी स्वतंत्र चाचणी अधिक. आणि म्हणून स्वस्त मॉडेलांचा पाठिंबा सर्वांत आधी थांबतो. चालू स्थितीतील फोन अशा वेळी असुरक्षित होतो आणि नवी अ‍ॅप्स त्यावर चालेनाशी होतात.

दोन अनुभव : अंगणवाडी आणि कापूस

या प्रक्रियेचा सामाजिक परिणाम महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिला. अंगणवाडी सेविकांना २०१९ मध्ये शासनाकडून पोषणविषयक नोंदींसाठी स्मार्टफोन देण्यात आले होते. त्यांची रॅम २ जीबी होती. पुढे नोंदींसाठी पोषण ट्रॅकर हे नवे अ‍ॅप आले. फोन अडकतात, तापतात, हमीचा काळ संपल्याने दुरुस्तीचा खर्च अंगावर पडतो आणि अ‍ॅपची भाषा इंग्रजी आहे, अशा तक्रारी करत राज्यभरातील सेविकांनी ऑगस्ट २०२१ मध्ये हे फोन शासनाला परत करण्याचे आंदोलन केले. दोनच वर्षांत फोन निकामी ठरले. १९२९ च्या अटींत ‘एका स्त्रीला फारसे श्रम न पडता आठ तास काम करता यावे’ असे म्हटले होते. नव्वदहून अधिक वर्षांनी, स्त्रियांच्याच हाती दिलेल्या यंत्राच्या बाबतीत ही अट कोणाच्या ध्यानीमनी नव्हती.

शेतकऱ्याचे चित्रही याहून फार वेगळे नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद छायाचित्रासह मोबाईल अ‍ॅपवर करण्याची पद्धत आली. शासनाच्या सेवा ज्या यंत्रावर उभ्या राहतात, त्या यंत्राचे आयुष्य ठरवण्याचा अधिकार केवळ कंपनीकडे राहू देणे, हे या पार्श्वभूमीवर धोक्याचे ठरते.

मॉडेलांच्या गर्दीचा अनुभव या शेतकऱ्याला नवा नाही. २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. त्यानंतरच्या दशकात मंजूर संकरित वाणांची संख्या एक हजाराच्या वर गेली. त्या सर्वांतील बीटी गुण मात्र मोजक्याच जनुकीय घटनांतून आलेला होता. पाकिटावरील नाव नवे, आतील मुख्य गुण तोच. संकरित बियाणे असल्याने ते दरवर्षी विकत घेणे आले; आणि वाण निवडताना शेतकऱ्याला स्वतःच्या अनुभवापेक्षा कृषी केंद्राच्या सांगण्यावर अधिक विसंबावे लागले. कारण एखाद्या वाणाचा दोन-तीन हंगामांचा अनुभव जमा होईतो बाजारात दुसरेच नाव आलेले असे. मॉडेलांच्या अतिवेगाने होणारी सर्वांत सूक्ष्म हानी हीच आहे : वापरणाऱ्याचे ज्ञान परिपक्व होण्याआधीच कालबाह्य ठरवले जाते. फोन दुरुस्त करणाऱ्या कारागिराचेही नेमके हेच होते.

कायद्याची दिशा

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांनुसार, बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनचे महत्त्वाचे सुटे भाग त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर सात वर्षे उपलब्ध ठेवणे आणि प्रणालीची अद्ययावत आवृत्ती किमान पाच वर्षे पुरवणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. बॅटरी ८०० वेळा पूर्ण भारित होऊनही तिची ८० टक्के क्षमता शिल्लक राहावी, अशीही अट त्यात आहे. या नियमांत मॉडेलांच्या संख्येवर मर्यादा नाही. प्रत्येक मॉडेलबरोबर येणारी जबाबदारी मात्र निश्चित केलेली आहे. गुगलने २०२३ मध्ये आणि सॅमसंगने २०२४ मध्ये आपल्या उच्च श्रेणीच्या फोनना सात वर्षे अद्ययावत आवृत्त्या देण्याचे जाहीर केले. परंतु हा लाभ प्रामुख्याने महागड्या फोनपासून सुरू झाला, हेही लक्षात घेतले पाहिजे.

भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. मोबाईल व विद्युत उपकरणांसाठी दुरुस्ती-सुलभता निर्देशांक सुचवणाऱ्या समितीने मे २०२५ मध्ये आपला अहवाल सादर केला. ई-कचरा नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून त्यांत उत्पादकाची जबाबदारी मुख्यतः वस्तूच्या मृत्यूनंतरची आहे. वस्तूचे आयुष्य वाढवण्याची जबाबदारी अधिक स्पष्टपणे निश्चित होणे आवश्यक आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

एक, मॉडेल किती काळाने यावे याचे उत्तर केवळ महिन्यांत देता येत नाही. नवे मॉडेल काढण्याचा अधिकार जुन्या मॉडेलांची जबाबदारी पेलण्याच्या क्षमतेइतकाच असावा. जी कंपनी आपल्या प्रत्येक मॉडेलचे भाग सात वर्षे, जिल्ह्याच्या ठिकाणी आणि घोषित किमतीत पुरवू शकते, तिने वाटल्यास दरवर्षी मॉडेल काढावे. हे बंधन आल्यास बहुतेक कंपन्या आपोआपच मॉडेलांची संख्या कमी करतील आणि दोन-तीन वर्षांचे अंतर राखतील. दुरुस्तीयोग्य फोन बनवणाऱ्या फेअरफोन या डच कंपनीने २०१३ ते २०२५ या काळात सहाच पिढ्या काढल्या, हे उदाहरण बोलके आहे.

दोन, जुन्या आणि नव्या मॉडेलांत बॅटरी, डिस्प्ले, जॅक यांसारखे झिजणारे भाग शक्य तितके समान ठेवावेत. युरोपमध्ये चार्जरच्या बाबतीत डिसेंबर २०२४ पासून हे घडले आहे. इतर भागांबाबत ते अशक्य मानण्याचे कारण नाही.

तीन, सॉफ्टवेअरच्या पाठिंब्याचा काळ मॉडेलच्या पहिल्या विक्रीपासून न मोजता शेवटच्या विक्रीपासून मोजावा. अन्यथा स्वस्त झालेले जुने मॉडेल घेणाऱ्या ग्राहकाच्या वाट्याला सर्वांत कमी आयुष्य येते.

चार, शासनाने सेविकांसाठी फोन खरेदी करताना आणि शेतकऱ्यांसाठी अ‍ॅप तयार करताना यंत्राच्या किमान आयुष्याची अट घालावी. शासन हा मोठा ग्राहक आहे आणि निविदेतील एक अट बाजाराला वळण देऊ शकते.

१९२९ च्या बक्षिसाची रक्कम कोणालाच मिळाली नाही, म्हणून त्या अटी निष्फळ ठरल्या असे मानणे योग्य होणार नाही. २० वर्षांचा आकडा फोनला लागू पडत नाही. साठा आणि प्रवाह हे कुमारप्पांचे विभाजनही जसेच्या तसे लागू पडत नाही. परंतु यंत्र निर्माण होण्यापूर्वीच त्याचे आयुष्य, त्याच्या दुरुस्तीचा खर्च आणि ते वापरणाऱ्या स्त्रीचे श्रम यांचा हिशेब मांडण्याची जी पद्धत त्या अटींत होती, ती आजही लागू पडते. फोनच्या खोक्यावर मेगापिक्सेलचा आकडा ठळकपणे छापलेला असतो. त्याच्या शेजारी ‘हा फोन किती वर्षे चालेल आणि त्याच्या दुरुस्तीला वर्षाला किती खर्च येईल’ हे दोन आकडे छापण्याची सक्ती झाली, तर नवी मॉडेले किती काळाने यावीत हे वर्धा जिल्ह्यातील ग्राहकच ठरवू शकेल.